गाळा कोणाच्या नावावर?

"ताई, यादीत माझं नाव नाही. मग इतकी वर्षं तिथं बसत होतं कोण?"

मुंबईच्या एका उपनगरातल्या पालिका मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींचा हा प्रश्न. पहाटे माल आणायचा, ओटा धुवायचा, रात्री हिशोब करायचा, सगळं त्यांनीच केलं. परवाना मात्र नवऱ्याच्या नावाचा, आणि नवऱ्याने केव्हाच दुसरा संसार थाटलेला. मंडई पाडून दुकानांची नवी इमारत उभारायचं ठरलं, तेव्हा पात्र गाळेधारकांच्या यादीत त्याचं नाव लागलं. पर्यायी जागेचं पत्र घ्यायलाही तोच आला.

जुनी मंडई तशीच राहावी असं मी म्हणत नाही. छप्पर गळतं, गटार तुंबतं. संडासाला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साध्या मुतारीच्या हक्कासाठी मुंबईतल्या संघटनांना २०११ साली 'राइट टू पी' मोहीम उभारावी लागली, हे आपण जाणतोच. पुनर्विकास हवाच. पण कोणाचा?

अशा योजनांचं गणित साधारण ठरलेलं असतं. बिल्डर परवानाधारकांना गाळे बांधून देतो, त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र मिळवतो आणि वाढीव दुकानं बाजारभावाने विकतो. या गणितात कागदावरचं नाव मोजलं जातं, राबणारे हात नाहीत. परवाना सासऱ्याचा, नवऱ्याचा, दिराचा. बाई फक्त 'मदतनीस'.

अधिकाऱ्यांना विचारलं तर उत्तर मिळतं, "हा तुमचा घरगुती मामला." यादी कार्यालयात तयार होते, मग मामला घरगुती कसा? शिवाय याच मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाचा करारनामा पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा नियम आहे. राहत्या घराला जो न्याय, तो पोट भरणाऱ्या ओट्याला का नको?

मंडईबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बायका तर या यादीच्या आसपासही नसतात. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, असं तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, हेही त्यात आहे. पण फुटपाथवर पाटी उचलली जाते, तेव्हा कायद्याचं पुस्तक कोणाच्या हातात असतं?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. पाडकामाआधी विक्रीच्या वेळेत पाहणी करा, आणि ओट्यावर प्रत्यक्ष कोण बसतं ते लिहून घ्या. गाळा दोघांच्या नावे करा; तिच्या सहीशिवाय तो विकता येऊ नये. परित्यक्ता आणि एकट्या स्त्रीला तो स्वतंत्रपणे द्या. भाजी-मासळी तळमजल्यावरच ठेवा, कारण कोथिंबिरीच्या जुडीसाठी गिऱ्हाईक जिने चढत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या मंडईची यादी आजच मागवा. यादी पक्की झाल्यावर मोर्चा काढून फारसं हाती लागत नाही. आम्ही उशिरा पोचलो. मावशी आता पत्र्याच्या कुंपणाबाहेर, फुटपाथवर बसतात. त्यांचा अर्ज आम्ही दिला आहे. उत्तर यायचं आहे.