दारू नाही हो, फक्त बिअर!

ओपीडीत ‘दारू घेता का?’ असं विचारलं की आमच्या मालवण पट्ट्यात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘डॉक्टरानू, दारू नाय हां, फकत बियर घेतंय!’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी बिअर म्हणजे जरा कडवट सरबतच. कायद्यानेही या समजाला हातभार लावला आहे. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी वयाची अट २५ वर्षांची, तर बिअरसाठी २१ वर्षांची.

यकृत मात्र बाटलीवरचं नाव वाचत नाही. ६५० मिलीच्या ५ टक्केवाल्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्केवाल्या ‘स्ट्राँग’मध्ये सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर झाली की चार छोटे पेग झाले.

बिअर पिणाऱ्यांचे चार स्वभाव मला ढोबळपणे दिसतात. पहिला मैफलीतला. चार मित्र जमले तरच घेणार, पण मग मोजदाद सुटते. दुसरा सुट्टीतला. एरवी शिस्तीचा माणूस, तारकर्लीला आला की सकाळीच बाटली उघडतो आणि त्याच धुंदीत समुद्रात उतरतो. तिसरा ‘औषधवाला’. मुतखडा पडावा म्हणून घेतो. लघवी वाढते हे खरं, पण नंतर शरीरातलं पाणी कमी होतं आणि बिअरने युरिक ॲसिडही वाढतं. सोबत बांगडा-तारली असेल तर रात्री पायाचा अंगठा ठणकायला तेवढं निमित्त पुरतं.

चौथा शांत. रोज संध्याकाळी ठरलेली एक बाटली, टीव्हीसमोर. जेवतो, झोपतो. भांडण नाही, उधारी नाही, पगार घरात येतो. बायकोही म्हणते, ‘यांचा काही त्रास नाही.’

मला सर्वांत जास्त काळजी या चौथ्याची वाटते. अमेरिकेतले अभ्यासक ई. एम. जेलिनेक यांनी १९६० साली मद्यपींचे पाच प्रकार मांडले आणि त्यांना ग्रीक अक्षरांची नावं दिली. त्यातला ‘डेल्टा’ हाच माणूस. किती प्यायचं यावर त्याचा ताबा असतो, पण एक दिवसही न पिता राहणं त्याला जमत नाही. आज निदानासाठी आम्ही ही वर्गवारी वापरत नाही, पण तो माणूस काही नाहीसा झालेला नाही.

आरडाओरडा करणाऱ्याला घरचे ओढून दवाखान्यात आणतात. शांत माणसाची तक्रारच कुणी करत नाही. मग तो आम्हाला भलत्याच वाटेने भेटतो. गोळ्या वाढवूनही न उतरणारं ब्लडप्रेशर, सोनोग्राफीत दिसलेली यकृतावरची चरबी. किंवा पाय मोडून दाखल झाला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, रात्री तो बडबडू लागला. घरच्यांना वाटतं डोक्याला मार लागला. खरं तर वर्षानुवर्षांची रोजची मात्रा अचानक तुटलेली असते.

म्हणून पिणाऱ्याचा स्वभाव ओळखायचा तो त्याला सूट देण्यासाठी नव्हे, तर सुटण्याचा मार्ग शोधण्यासाठी. मैफलीवाल्याला मोजून घेण्याची सवय लावावी लागते, सुट्टीवाल्याला पाण्यापासून आणि गाडीच्या चावीपासून दूर ठेवावं लागतं. औषधवाल्याला साधं पाणी पुरे. शांत माणसाला मात्र ‘किती घेता?’ विचारून भागत नाही. ‘दोन आठवडे अजिबात न घेता राहाल का?’ असं विचारावं लागतं. उत्तर देताना तो अडखळला, तर तिथेच निदानाची सुरुवात होते.

एक सावधगिरी हवी. रोज पिणाऱ्याला सकाळी हात थरथरणं, घाम येणं असं होत असेल तर त्याने शपथ घेऊन एका दिवसात बंद करू नये. फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडावी. १४४१६ या सरकारी ‘टेली-मानस’ क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अल्कोहोलची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात बिअरला वेगळी सवलत नाही. तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, तर ‘फक्त’ हा शब्द वगळून उत्तर द्या. रोज किती बाटल्या आणि किती टक्क्यांच्या, एवढं सांगितलंत तरी आमचं निम्मं काम होतं.