‘मला असं वाटतं की...’

जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणायचे मला जमलेले नाही. विम्याचा एजंट आला, मी सही केली. शेजाऱ्याने शिडी मागितली, मी दिली. ती आता त्यांच्या घरच्या वास्तुशांतीच्या फोटोतही दिसते. कचेरीत माझ्या टेबलावर आलेली फाईल कधी परत जात नाही, त्यामुळे इतरांच्या फायलींनाही माझ्या टेबलाचा रस्ता तोंडपाठ झाला आहे. तेव्हा ‘ठामपणे बोला, वाद मिटवा’ या विषयावर कचेरीत एक दिवसाचे शिबिर भरणार, असे पत्रक फिरले, ते खास माझ्यासाठीच काढले आहे असे मला वाटले. “येता ना?” असे कुणीतरी विचारले. मला अर्थातच नाही म्हणता आले नाही.

शिबिराचे उद्‌घाटन साहेबांनी केले. समई लावली, “अगदी मोकळेपणाने बोलत चला” या विषयावर वीस मिनिटे एकटेच बोलले आणि मीटिंग आहे म्हणून निघून गेले. ज्यांच्याशी ठामपणे बोलायचे ते गृहस्थ गेल्यावर ठामपणाचे शिक्षण सुरू झाले. पोहण्याचा वर्ग सिद्धेश्वर तलावाच्या काठावरच्या बाकावर भरवावा, तसा तो प्रकार होता.

शिकवणारा तरुण पुण्याहून आला होता. सोलापूरच्या एप्रिलात गळ्यात टाय बांधून उभा होता, यावरून माणूस ठाम आहे एवढे कळलेच. त्याने सांगितले, “‘तुम्ही असं करता’ असं म्हणायचं नाही. समोरचा दुखावतो. ‘मला असं वाटतं की...’ असं सुरू करायचं.” आम्ही चाळीस जणांनी एका सुरात ‘मला असं वाटतं की’ म्हटले. पाढे म्हटल्यासारखे झाले. दुसरी युक्ती अडकलेल्या तबकडीची. समोरच्याने काहीही फाटे फोडले तरी आपले एकच वाक्य शांतपणे पुन्हापुन्हा म्हणत राहायचे. मॅन्युएल स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७५ साली एका पुस्तकातून ही युक्ती घरोघर पोचवली म्हणतात. लक्ष्मी मंडईत मेथीची जुडी विकणाऱ्या बाईने ते पुस्तक वाचलेले नाही. तरी तिची तबकडी कुणाच्याही आधीपासून अडकलेली आहे आणि अजून कुणाला ती सोडवता आलेली नाही.

खरे तर सोलापूरकराला ठामपणा शिकवणे म्हणजे बार्शीच्या माणसाला ज्वारीची भाकरी दाखवण्यापैकीच आहे. इथे नुसते “काय बे?” म्हटले की त्यात तक्रार, खुलासा आणि इशारा हे तिन्ही येऊन जाते. पण ते रस्त्यावर. कचेरीच्या पायऱ्या चढलो की आमचे ‘बे’ खालीच राहते आणि वर फक्त ‘हो साहेब’ पोचते.

त्या विद्येची टिंगल करायचा माझा हेतू नाही. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीची गोष्ट त्या मुलाने फार छान सांगितली. १९२५च्या सुमारास त्यांनी आपल्या व्याख्यानात ती सांगितली होती. हार्वर्डच्या ग्रंथालयात एका छोट्या खोलीत कुणाला तरी खिडकी उघडी हवी होती आणि बाईंना बंद. भांडण नाही, तडजोड नाही. दोघांनी मिळून शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली आणि दुसऱ्याला वारा लागला नाही. मी खूश झालो. घरी येताना मात्र डोक्यात किडा वळवळू लागला. त्या खोलीत दोघेही वाचक होते हो! एक जण दुसऱ्याचा गोपनीय अहवाल लिहीत नव्हता. आमच्याकडे पंख्याचे बटण साहेबांच्या खुर्चीमागे आहे. शेजारची खोलीही साहेबांचीच आहे.

आमच्या कचेरीत कंत्राटावर घेतलेला एक पोरगा होता. संगणकावर बसायचा. हुशार, आणि हुशार म्हणूनच चार रविवार ओळीने कामाला बोलावलेला. शिबिरात सगळ्यांत मन लावून त्यानेच टिपणे काढली. पुढच्या शुक्रवारी साहेबांनी पाचव्या रविवारचे फर्मान काढले, तेव्हा तो केबिनमध्ये उभा राहिला आणि शिकवल्याबरहुकूम म्हणाला, “साहेब, दर रविवारी बोलावलं जातं, तेव्हा मला असं वाटतं की माझ्या वेळेचा विचार होत नाही.” आवाज शांत, नजर सरळ. तबकडीही त्याने दोनदा फिरवली. साहेब म्हणाले, “वा! शिबिराचा उपयोग झाला म्हणायचा.” महिनाअखेरीस त्याच्या कंत्राटाला मुदतवाढ मिळाली नाही. कारण विचारायचे त्याला कारण नव्हते. कंत्राट संपले, इतकेच.

हे सगळे मला कसे ठाऊक? तर मी त्या वेळी केबिनमध्येच होतो. फाईल घेऊन. पोरगा बोलत असताना मी त्या फाईलच्या नाडीची गाठ सोडवत होतो. ती आधीच सुटलेली होती.

मी पूर्व भागात राहतो. गल्लीतल्या एक मावशी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसतात. संध्याकाळी मी मन हलके करावे म्हणून त्यांना हकिगत सांगितली. हात न थांबवता त्यांनी एवढेच विचारले, “एकटाच गेला व्हय तो आत?”

“हो.”

“आन तुमी?”

मी चष्मा पुसला.

“आमच्यात छाट जास्त काढली ना दादा, तर एकटी बोलत नाही कुनी. एकीनं सूप खाली ठेवलं की मागच्या समद्या ठेवतात. मग तोच मोजतो पुन्यांदा.”

छाट म्हणजे तपासनिसाने नापास केलेल्या विड्या. बोटे बाईची. नापास ठरवायचा अधिकार दुसऱ्याचा. हा वाद इतका जुना, की १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला तेव्हा कच्चा माल आणि नापास विड्या यांवरून होणारे तंटे सोडवायची त्यात वेगळी तरतूद करावी लागली. ती काही ‘मला असं वाटतं की’ म्हणून पदरात पडली नाही. कुंभारीजवळ विडी कामगार बायांची दहा हजार घरे उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन ती देऊन गेले, त्यामागेही नरसय्या आडम मास्तरांच्या लाल बावट्याखालची कित्येक वर्षांची सामुदायिक आरडाओरड होती. पुण्याच्या त्या मुलाच्या तक्त्यात अशा वागण्याला ‘आक्रमक’ म्हणतात. तक्त्यात लाल रंगात होते. घराच्या किल्ल्या मात्र आक्रमक बायांनाच मिळालेल्या दिसतात.

माझे भांडण आहे ते इथे. ठामपणा हा जणू घशाचा गुण आहे आणि गोळी चघळली की येतो, असे ही शिबिरे सांगतात. अहो, माझा घसा उत्तम आहे. भाजीवाल्याशी, पोस्टातल्या माणसाशी, आमच्या हिच्या माहेरच्यांशीसुद्धा (त्या घरी नसताना) मी खणखणीत बोलतो. केबिनमध्ये आवाज जातो तो घशाच्या दोषाने नव्हे. तिथे महिन्याचा हप्ता, पोरीची फी आणि बदलीची यादी असे तिघे माझ्या आधी आत जाऊन बसलेले असतात म्हणून. त्या पोराला तर बदलीचीही भीती नव्हती, कारण बदली व्हायला आधी नोकरी कायम लागते. ज्याच्या पायाखाली फळीच नाही त्याला “ताठ उभा राहा” म्हणून शिकवायचे, वर हजेरीचे प्रमाणपत्रही द्यायचे, आणि ज्याने ऐकायला शिकायचे त्याला मीटिंगला सोडायचे! चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज डबा घेऊन जाणाऱ्या माणसाला हे सुचायला विडी वळणाऱ्या बाईचा प्रश्न लागावा, याची मला लाज वाटली. त्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. मला तर फक्त अर्ज लिहायचा होता.

तो मी लिहिला. दुपारच्या डब्याच्या वेळी फिरवला. दोघांनी “वाचून देतो” म्हणून खिशात घातला आणि न वाचता परत दिला. एकाला अचानक दाताचे दुखणे आठवले. अखेर माझ्यासकट सात सह्या झाल्या. अर्जात रविवारचे होते आणि पोराचेही होते. एकही वाक्य ‘मला असं वाटतं की’ने सुरू होत नव्हते.

चार वाजता आम्ही सातही जण केबिनमध्ये शिरलो. साहेबांनी वर पाहिले, मोजले, आणि पुन्हा मोजले.

“बसा,” ते म्हणाले.

खुर्च्या दोनच होत्या. आम्ही उभेच राहिलो.