ड्रोनचा वैमानिक आणि शेजाऱ्याचे शेत

१८ मे १९७२ रोजी परभणीस कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा बैलजोडी आणि तिफण हीच मराठवाड्यातील शेतीची प्रमुख साधने होती. त्याच विद्यापीठाने अलीकडच्या काळात यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांच्या साहाय्याने डिजिटल शेतीचे शिक्षण देणारा प्रकल्प, भारतीय कृषी संशोधन परिषद आणि जागतिक बँक यांच्या मदतीने राबविला. पन्नास वर्षांतील ही मजल लहान नव्हे. परंतु यंत्र बांधावर येऊन पोहोचले म्हणजे ते चालविणारा माणूसही तयार झाला, असे आपण नेहमीच गृहीत धरतो, आणि नेमके तेथेच फसतो.

कायद्याची चौकट आता स्पष्ट आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमावलीने पूर्वीचे परवान्यांचे जंगल बरेचसे साफ केले. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने वैमानिकाचा ‘परवाना’ जाऊन त्या जागी प्रमाणपत्र आले. १८ ते ६५ वर्षे वयाची, दहावी उत्तीर्ण झालेली व्यक्ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत शिकून ते मिळवू शकते, आणि ते दहा वर्षे चालते. जिंतूर किंवा पालमच्या तरुणाला ही अट आवाक्यातली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. दहा लिटरची टाकी वाहणारे फवारणीचे ड्रोन बहुधा २५ किलोच्या आत बसवितात, कारण त्यापुढे ते ‘मध्यम’ वर्गात जाते आणि नियमांचा भारही वाढतो. यंत्र बनविणाऱ्यांनी हे गणित अचूक साधले आहे. वैमानिकाचे गणित मात्र कोणी मांडलेले दिसत नाही.

ते मांडून पाहू. समजा, पाऊस आणि वारा वजा जाता खरिपात फवारणीस योग्य असे पन्नास दिवस मिळाले, दिवसाला पंधरा एकर काम झाले आणि एकरी चारशे रुपये पडले. ढोबळ उत्पन्न तीन लाख. त्यातून बॅटऱ्यांची झीज, त्या भारित करण्यासाठी जनरेटरचे इंधन, वाहतूक, मदतनिसाची मजुरी आणि विमा वजा करा. यंत्र दहा लाखांचे व पाच वर्षे टिकणारे धरले, तर घसाराच वर्षाला दोन लाख होतो. हाती उरते ते फारच थोडे. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना ८० टक्के, कमाल आठ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले गेले, त्यामुळे हा बोजा हलका होतो खरा. पण त्याच योजनेत प्रशिक्षण ठेवले गेले पंधरा दिवसांचे, आणि त्यातही उड्डाणाचे सक्तीचे शिक्षण पाच दिवसांचे. यंत्राला आठ लाख आणि माणसाला पंधरा दिवस, असा हा हिशेब आहे.

याचा परिणाम काय होईल, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. ज्याचे उत्पन्न एकरावर मोजले जाते आणि ज्याचे दिवस मोजके असतात, तो वैमानिक सायंकाळी वारा सुटला तरी उरलेले चार एकर टाकून घरी जाणार नाही. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. ड्रोन तेच काम आठ-दहा लिटरांत करते. म्हणजे द्रावण कितीतरी पटींनी तीव्र असते, आणि वाऱ्याबरोबर वाहून गेलेला थेंबही तेवढाच तीव्र. आपल्या जिल्ह्यात रेशीम उद्योगाने अनेक लहान शेतकऱ्यांना महिन्याकाठी रोकड मिळवून दिली आहे. सोयाबीनवर उडविलेले कीटकनाशक शेजारच्या तुतीवर बसले, तर तो पाला खाणाऱ्या अळ्यांची पूर्ण बॅच जाते. नुकसान एकाचे, फायदा दुसऱ्याचा आणि चूक तिसऱ्याची. अशा प्रसंगी भरपाई कोणाकडे मागावयाची, हे गावात कोणालाच ठाऊक नसते. अतिलहान ड्रोन सोडल्यास इतरांना तृतीय पक्षाचा विमा बंधनकारक आहे. पण पॉलिसीचा कागद पाहण्याची तसदी फवारणी करून घेणारे किती जण घेतात?

म्हणून ड्रोन नको, असे मात्र कोणी म्हणू नये. २०१७ साली शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाठीवर पंप घेऊन डोक्याइतक्या उंच कपाशीत शिरणाऱ्या माणसाला त्या विषापासून दूर उभे करणारे यंत्र नाकारणे हा शहाणपणा नव्हे. मजुरी बुडेल ही तक्रार खरी आहे. पण जी मजुरी फुप्फुसाच्या किमतीवर मिळते तिची भलावण करण्यापेक्षा त्याच मजुराच्या दहावी झालेल्या मुलामुलींना वैमानिक करणे अधिक न्याय्य ठरेल. तेथे खरी अडचण शुल्काची आहे. खासगी संस्थांचे काही दिवसांचे शुल्क हजारोंच्या घरात जाते, आणि भूमिहीन कुटुंबाला ते परवडत नाही. अनुदानाचा एक हिस्सा यंत्राऐवजी शिष्यवृत्तीकडे वळविला, तर काही बिघडणार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी ड्रोनने लस पोहोचविली गेली. नजरेआडचे असे उड्डाण म्हणजे पुढची पायरी, आणि तिच्या मान्यतेची चर्चा दिल्लीत जोरात आहे. परभणीपुरता प्रश्न साधा आहे: नजरेसमोरचे उड्डाण तरी आपण सुरक्षित केले आहे काय? केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच ड्रोन फवारणीची कार्यपद्धती प्रसिद्ध केली. वाऱ्याचा वेग, वस्ती व जलाशयापासूनचे अंतर, आगाऊ सूचना, सारे त्यात आहे. ती मराठीत, एका पानावर, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावयास हवी. प्रमाणपत्र घेतलेल्या वैमानिकाने विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एक पूर्ण हंगाम अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करावे, आणि त्या काळात त्याला एकरावर नव्हे, दिवसावर वेतन मिळावे. वारा सुटल्यावर यंत्र खाली उतरविण्याची सवय लागण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. आणि खरिपाच्या पहिल्या फवारणीआधी प्रत्येक गावातील तुतीच्या प्लॉटांची यादी वैमानिकाच्या हाती असली पाहिजे. ती तयार करण्यास कृषी सहायकाला आठवडाभराचा वेळ पुरेल.