चिडचिड्या मुलाला फटका नको, तपासणी हवी

कसबा पेठेतल्या दाटीवाटीच्या गल्लीत एखादं मूल रोज किंचाळू लागलं, की ती गोष्ट घरापुरती राहत नाही. शेजारच्या आजी म्हणतात, ‘फार लाडावून ठेवलंय.’ वडिलांना लाज वाटते, हात उठतो आणि मूल आणखी चिडतं.

हट्ट सगळीच मुलं करतात. काळजीची बाब आहे ती महिनोन्‌महिने टिकणारी चिडचिड. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये तिच्या तीव्र प्रकाराला आजारांच्या यादीत वेगळं स्थान दिलं. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा उद्रेक, मधल्या काळातही जवळजवळ रोज चिडलेलं मन आणि हे सगळं किमान वर्षभर, असे त्याचे निकष आहेत. सहा वर्षांच्या आत हे निदान करत नाहीत. बहुतेक मुलांची चिडचिड इतकी टोकाची नसते. पण तिच्यामागेही काही कारण असू शकतं.

ते शोधायला शरीरापासून सुरुवात करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे आणि लोहाची कमतरता मुलाला किरकिरं करते. घोरणाऱ्या मुलाची झोप नीट होत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. रात्री अकराला झोपून सकाळच्या शाळेसाठी सहाला उठणाऱ्याला ती सातच तास मिळते. किडलेली दाढ, कमी ऐकू येणं, फळा न दिसणं, वाचनातली अडचण, एडीएचडी, शाळेतला छळ, घरातली भांडणं यांचाही विचार करायला हवा.

घरी काय करावं? मूल भडकलेलं असताना उपदेश करू नये. आवाज खाली ठेवून, कमी शब्दांत बोलावं आणि कोणाला इजा होणार नाही एवढं पाहावं. ओरडून मागितलेला मोबाइल मात्र देऊ नये. आज दिला तर उद्या ओरडणं वाढतं. शांत झाल्यावर ‘कशाचा राग आला होता?’ असं विचारावं. जेवण, झोप, अभ्यास यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. राग आवरला त्या क्षणी, ‘आज तू भांडला नाहीस, आवडलं मला,’ असं स्पष्ट सांगावं. आई, बाबा आणि आजी-आजोबांनी एकच नियम पाळावा.

मारल्याने मूल थोडा वेळ गप्प बसतं; राग आवरायला शिकत नाही. शाळांनीही डायरीत तक्रार लिहून थांबू नये, पालकांशी बोलून मुलाला तपासणीकडे वळवावं.

चिडचिड काही आठवडे टिकली, अभ्यास किंवा मैत्री बिघडू लागली तर बालरोगतज्ज्ञांना भेटावं. सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग त्यासाठीच आहे. गरज पडल्यास ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. तिथेही पालकांचं प्रशिक्षण आणि समुपदेशन यांवर भर असतो, सरसकट गोळ्या देत नाहीत. मूल मरणाची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

‘मोठं झालं की सुधारेल’ म्हणत दोन-तीन वर्षं निघून जातात. तोवर ‘मी वाईटच आहे’ हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. ते बसण्याआधी दवाखान्याची एक चकर मारलेली बरी.