उसाच्या प्लॅस्टिकबद्दल साखर आयुक्तांना खुले पत्र

मा. साखर आयुक्त,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे



कारखान्यांच्या वार्षिक सभांत आता इथेनॉलच्या जोडीला बायोप्लॅस्टिकचेही नाव निघते. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्सने उसापासून पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, करण्याचा प्रकल्प हाती घेतला. आपल्याकडे प्राज कंपनीने जेजुरीला प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. आपणही उतरावे, याला माझा विरोध नाही. साखर आंबवायची कशी, हे डिस्टिलरीवाल्यांना शिकवायला नको. फक्त यीस्टऐवजी जिवाणू आणि अल्कोहोलऐवजी लॅक्टिक आम्ल. खरा खर्च पुढच्या शुद्धीकरणात आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘उसाचे आहे, मातीत विरघळते’ असे सभासदांना सांगितले जाते. पण उसाचे म्हणजे कुजणारे असे नव्हे. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिएथिलीन बनवते. ते तेलातून आलेल्या पॉलिएथिलीनइतकेच चिवट असते. गाईच्या पोटात गेले तर तितकेच अडकते. उलट कंपोस्टेबल पिशव्यांत वापरले जाणारे पीबीएटी बहुतांशी खनिज तेलातून येते आणि तरीही कुजते. पीएलए कुजतो, पण साठ अंशांच्या आसपास तापलेल्या औद्योगिक खतप्रकल्पात. उकिरड्यात किंवा कॅनॉलच्या गाळात तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो.

कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये एकदा तासभर उभे राहून बघा. पीएलएचा पारदर्शक ग्लास आणि पीईटीचा ग्लास हातात घेतला तर फरक कळत नाही. वेचणाऱ्या मावशी दोन्ही एकाच गोणीत टाकतात. पीएलए मिसळला की पीईटीचा माल खराब होतो आणि भंगारवाला भाव पाडतो. भुर्दंड मावशींना, कौतुक कारखान्याला!

कच्च्या मालाचेही बघा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक निर्बंध आणले, तेव्हा कारखान्यांची झालेली तारांबळ आपण जवळून पाहिली असेल. गाळप चार-पाच महिन्यांचे, पॉलिमरचा प्लँट बारमाही. रसावर प्लँटचा हिशेब मांडणाऱ्यांना साठवून ठेवता येणाऱ्या मळीवर तोच हिशेब पुन्हा मांडायला लावा.

एवढेच मागणे आहे: अशा प्रकल्पाची फाइल आपल्याकडे आली की कर्जाच्या आकड्यांआधी दोन गोष्टी लेखी घ्या. माल कोणत्या वस्तूसाठी विकणार, आणि वापरून झाल्यावर तो कोणत्या खतप्रकल्पात, कोणाच्या खर्चाने जाणार. दुसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी असेल, तर फाइल परत पाठवा.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद