सीमेपलीकडचे शुल्क

बारावीचा निकाल लागला की ईश्वरपुरातील (पूर्वीचे इस्लामपूर) अनेक श्रावक कुटुंबांत एकच विचार सुरू होतो : मुलीला राजारामनगर वा सांगलीस ठेवावे, की बेळगाव-बंगळूरला पाठवावे?

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास वा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, पूर्ण माफ आहे. कर्नाटकात ही सवलत नाही. तेथे आपली कन्या परराज्यातील विद्यार्थिनी ठरते. वैद्यकीयची इच्छा असल्यास दहावीनंतरच सावध व्हावे : शासकीय महाविद्यालयांतील राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असणे सामान्यतः आवश्यक असते.

म्हणून केवळ पहिल्या वर्षाचे शुल्क पाहून अनामत भरू नये. सर्व वर्षांचे शुल्क, वसतिगृह, शुद्ध शाकाहारी भोजन व प्रवास यांचा खर्च एका कागदावर मांडावा आणि तो मुलीसमोर ठेवून तिचे मत विचारावे. बाहेरील महाविद्यालय खरोखर सरस असेल, तर अवश्य पाठवावे. परंतु केवळ प्रतिष्ठेपोटी कर्ज काढू नये. गृहस्थाने परिग्रहाचे परिमाण ठरवावे, तसेच ऋणाचेही.