शहराचे गटार आणि शेतकऱ्याचा पाट

शहरातील कारखान्याने आपले सांडपाणी पालिकेच्या गटारात कोणत्या अटींवर सोडावे, हा प्रश्न वरवर पाहता पालिका आणि कारखानदार यांच्यापुरताच वाटतो. खेड्यातील शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारल्यास नवल नाही. परंतु गटार शहराच्या वेशीवर संपत नाही. ते नाल्याला मिळते, नाला नदीला मिळतो, आणि नदीकाठच्या विहिरीतून किंवा नाल्यावर बसविलेल्या पंपातून तेच पाणी पिकाच्या मुळाशी येते. म्हणून गटारात काय सोडावे याविषयीचा नियम हा शेवटी शेतीच्या पाण्याविषयीचा नियम आहे. जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी आणि ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी तो नीट समजून घ्यावा व त्याच्या अंमलबजावणीत आपला वाटा मागावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्राने या बाबतीत लवकर पाऊल टाकले होते. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम १९६९ साली झाला व त्यान्वये १९७० साली मंडळ स्थापन झाले. पुढे केंद्राचा जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ आला व १९८१ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. या अधिनियमाच्या कलम २४ अन्वये विषारी किंवा अपायकारक पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात अथवा विहिरीत जाऊ देण्यास मनाई होती. १९८८ च्या दुरुस्तीने त्यात गटार आणि जमीन या दोहोंची भर पडली. ‘आम्ही नदीत काही सोडत नाही, फक्त गटारात सोडतो,’ ही सबब तेव्हापासून उरलेली नाही. कलम २५ प्रमाणे सांडपाणी सोडण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. जळगाव व धुळे येथे २००३ साली महानगरपालिका झाल्या. त्यांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमातही कारखान्यांच्या सांडपाण्यावर निर्बंध घालण्याचे अधिकार आहेत. पालिकेचे गटार हे सार्वजनिक धन आहे आणि त्याचा उपयोग अटींवरच करावयाचा आहे, असा या सर्व तरतुदींचा आशय आहे.

आता मर्यादांचे आकडे पाहू. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याची सर्वसाधारण मानके दिली आहेत. सांडपाण्यातील कुजणारा अंश मोजण्यासाठी जैविक प्राणवायूची मागणी हे माप वापरतात. २७ अंश तापमानात तीन दिवसांत ते पाणी किती प्राणवायू खाते, ते या मापाने कळते. नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी ही मर्यादा प्रति लिटर ३० मिलिग्रॅम, ओलितासाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्यासाठी १००, आणि सार्वजनिक गटारासाठी ३५० आहे. पाण्यात तरंगणाऱ्या घनपदार्थांची मर्यादा याच क्रमाने १००, २०० व ६०० आहे. षट्संयोजी क्रोमियम या विषारी धातूसाठी नदीत ०.१ मिलिग्रॅम, तर गटारात २ मिलिग्रॅम मर्यादा ठेवली आहे. सामू मात्र सर्वत्र ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असावा लागतो.

गटाराची मर्यादा इतकी सैल का, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. उत्तर सोपे आहे. गटाराच्या दुसऱ्या टोकाला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, असे या सवलतीमागे गृहीत धरलेले आहे. तेथील सूक्ष्म जंतू कुजणारा अंश खाऊन टाकतील आणि मग पाणी नदीयोग्य होईल, या भरवशावर ३५० चा आकडा उभा आहे. ज्या गावात गटाराच्या शेवटी असे केंद्र नाही, किंवा केंद्र आहे पण बंद पडले आहे, तेथे या सवलतीचा आधारच नाहीसा होतो. तेथे गटार म्हणजे नदीकडे जाणारी उघडी चारी होय. अशा ठिकाणी कारखान्यास नदीचीच मर्यादा लावली पाहिजे. नाही तर शुद्धीकरणाचे काम पालिकेऐवजी खालच्या गावाच्या शेताकडे येते, आणि त्या शेताला त्याबद्दल कोणी काही देत नाही.

नदीसाठी घातलेली मर्यादाही आपल्या भागात पुरेशी मानून स्वस्थ बसता येत नाही. सांडपाण्याची मानके ठरविण्याचा पाया ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९१२ च्या आठव्या अहवालात घातला. त्या कमिशनने प्राणवायूच्या मागणीची २० मिलिग्रॅम मर्यादा सुचविताना नदीचे निदान आठपट स्वच्छ पाणी त्यात मिसळेल असे धरले होते. त्यांच्या नद्या बारमाही वाहणाऱ्या. आपली गिरणा आणि आपली पांझरा चैत्र-वैशाखात कशा असतात, हे सांगावयास नको. धरणाचे आवर्तन सुटले नाही तर पात्रात वाळू आणि खडक उरतात. मग पात्रात जे काही ओले दिसते ते बहुधा वरच्या शहराचे सांडपाणीच असते. त्यात आठपट तर सोडाच, एकपट स्वच्छ पाणीही मिसळावयास मिळत नाही.

गिरणेचे उदाहरण विशेष विचार करण्यासारखे आहे. ही नदी नाशिक जिल्ह्यातून येते. मालेगाव येथे तिला मोसम मिळते, आणि १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण त्या शहराच्या खालच्या अंगास, नांदगाव तालुक्यात आहे. म्हणजे यंत्रमागांच्या त्या मोठ्या शहराचे जे पाणी नदीत उतरेल ते प्रथम धरणात येणार, आणि तेथून कालव्याने व पात्राने चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या तालुक्यांकडे जाणार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, आणि गिरणेचा मालेगाव ते जळगाव हा पट्टा त्या यादीत होता. तापी व पांझरा यांचाही त्यात समावेश होता. मालेगावच्या गटाराचा नियम पाचोऱ्याच्या शेतकऱ्याचा कसा होतो, ते यावरून दिसून येईल.

आता या पाण्याचा शेतावर काय परिणाम होतो ते पाहू. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. घरगुती सांडपाणी आणि कारखान्याचे सांडपाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. घरगुती सांडपाण्यात नत्र व स्फुरद असते. ते शुद्ध करून दिले तर पर्जन्याची खात्री नसलेल्या खानदेशात शेतीला तो पाण्याचा दुसरा आणि भरवशाचा स्रोत आहे, कारण शहर दुष्काळातही पाणी वापरतेच. त्या पाण्यात कारखान्याचे क्षार, तेल, रंग वा धातू मिसळले की हे धन नासते. शुद्धीकरण केंद्रातील जंतू फक्त कुजणारे पदार्थ खातात. मीठ ते खाऊ शकत नाहीत आणि धातूही नाहीत. मीठ जसेच्या तसे पाण्याबरोबर बाहेर पडते. धातू पुष्कळसे गाळात बसतात, आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला की मातीत राहतात. विष जास्त आले तर ते जंतूच मरतात, केंद्र बंद पडल्यासारखे होते आणि साऱ्या शहराचा मैला कच्चाच नदीत जातो. म्हणून न कुजणारे पदार्थ कारखान्याच्या दारातच अडविले पाहिजेत. पुढे त्यांना अडविणारे कोणी नाही.

काळ्या भारी जमिनीत सोडियमयुक्त पाणी वारंवार दिल्याने चिकणमातीचे कण सुटे होतात, जमिनीची छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर कठीण पापुद्रा धरतो. अशी जमीन हळूहळू चोपण होते. ती सुधारण्यास जिप्सम घालावे लागते, चर काढावे लागतात आणि क्षार धुऊन नेण्यास भरपूर गोडे पाणी लागते. नेमके तेच आपणाकडे नसते. केळी हे पीक क्षारांना नाजूक आहे. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीला असे पाणी परवडणारे नाही. शिवाय आपल्या भागात ठिबक संच घरोघर झाले आहेत. तरंगता गाळ व तेल यांनी त्यांच्या तोट्या बुजतात, आणि दोष मात्र संचाला दिला जातो.

या मतावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला कारखानदारांचा. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ, तेल व प्लास्टिक यांचे लहान कारखाने पुष्कळ आहेत, त्यांवर अनेक कुटुंबे पोसली जातात, आणि प्रत्येकाने स्वतःचे शुद्धीकरण यंत्र बसविणे झेपणार नाही, असे ते म्हणतील. ही अडचण खरी आहे. त्यावर सामुदायिक शुद्धीकरण केंद्र हा उपाय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयात कारखान्यांची प्राथमिक शुद्धीकरण यंत्रे चालू असल्याखेरीज त्यांना काम करू देऊ नये असे सांगितले. सामुदायिक केंद्रे व शहराची केंद्रे तीन वर्षांत उभी करावीत आणि त्यांचा खर्च वापरणाऱ्यांकडून वसूल करण्याचे निकष ठरवावेत, असेही त्यात आहे. ती मुदत केव्हाच उलटली आहे. शेतकऱ्याची मुलेही याच कारखान्यांत कामाला जातात, तेव्हा कारखाने बंद व्हावेत असे आम्ही म्हणत नाही. ज्याने पाणी बिघडविले त्याने ते सुधारण्याचा खर्च द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांतूनच येईल. ‘विहिरी आटल्या असता नाल्याचे पाणी तरी मिळते. तेही बंद करावयाचे काय?’ हा प्रश्न पोटाचा आहे व त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. परंतु नाल्याचे पाणी बंद करणे हा या नियमाचा हेतूच नव्हे. ते वापरण्याजोगे राहावे हा हेतू आहे. तोवर असे पाणी वापरणाऱ्याने निदान त्याची व आपल्या मातीची तपासणी दरवर्षी करून घ्यावी, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीपाल्यास ते मुळीच देऊ नये.

पाण्याचे नियम आपणास नवे नाहीत. पांझरेच्या काठी बंधाऱ्यांवरील फड पद्धती काही शतके चालत आली. तेथे पाटकरी पाणी देतो, हवालदार देखरेख करतो आणि जागल्या राखण करतो. वरच्याने किती घ्यावे हे खालच्याचा विचार करून ठरते. घेण्याच्या पाण्यास आपण इतकी व्यवस्था केली. टाकून दिलेल्या पाण्यासही तशीच व्यवस्था हवी. त्याच्या दारावर पाटकरी नाही, ही खरी उणीव आहे.

ती भरून काढण्यासाठी स्थानिक नियमांत पुढील गोष्टी असाव्यात. प्रत्येक कारखान्याच्या जोडावर, फाटकाबाहेर, तपासणीची कुंडी असावी, म्हणजे आत जाण्याची परवानगी मागत बसावे लागणार नाही. मर्यादा केवळ प्रति लिटर न ठेवता दिवसाच्या एकूण वजनातही ठेवावी. समजा, एक कारखाना रोज १ लाख लिटर पाणी सोडतो व त्याची प्राणवायूची मागणी ७०० मिलिग्रॅम आहे. हा भार ७० किलो झाला. त्याने कूपनलिकेचे आणखी १ लाख लिटर पाणी मिसळले की आकडा ३५० वर येतो व नियम पाळल्यासारखा दिसतो. भार मात्र ७० किलोच राहतो, आणि वर भूगर्भातील चांगले पाणी वाया जाते. ज्या यावल-रावेर पट्ट्यात विहिरींचे पाणी खोल गेले आहे, त्या जिल्ह्याला ही पळवाट दुहेरी महाग पडेल. तिसरी गोष्ट, तपासणीचे निकाल नाल्याखालच्या ग्रामपंचायतींना नियमाने कळवावेत. त्या पंचायतींना गटार वापरण्याचा हक्क नसेल, पण परिणाम भोगण्याची पाळी त्यांच्यावरच येते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने करावयाचे कामही थोडके नाही. नाल्याचा रंग, वास, फेस किंवा उष्णता बदलली तर तारीख व वेळ यांसह नोंद ठेवावी. मेलेले मासे व आजारी गुरे यांचीही नोंद घ्यावी. रात्री टँकरने पाणी ओतले जाते अशी शंका असल्यास एकट्यादुकट्याने जाऊ नये, पोलीस पाटलास कळवावे. शेतकऱ्याने स्वतः भरलेली बाटली प्रयोगशाळेत पाठवून ओलितासाठी पाणी योग्य की अयोग्य ते जरूर ठरवावे. न्यायालयात मात्र तो पुरावा टिकत नाही. कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदारास सूचना देऊन, विहित रीतीने घेतलेला व मोहोरबंद केलेला नमुनाच तेथे ग्राह्य धरला जातो. म्हणून तक्रार लेखी करावी, ग्रामसभेचा ठराव जोडावा, पालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांकडे पाठवावी व पोच घ्यावी. कलम ३३अ अन्वये कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंडळाला आहे. तो वापरावयास लावणे हे नोंदी व ठराव यांचे काम आहे.

नियम कागदावर पुष्कळ झाले. ते पाळले जातात की नाही, हे प्रथम नाल्याखालच्या गावालाच कळते. तेव्हा त्या गावाने पाहावे, लिहून ठेवावे आणि विचारीत राहावे.